नवव्या पोपचं नाव

माझ्या हातून झालेला मूर्खपणा आधी सांगून टाकते. एकदा तो कागदावर गेला की उरलेलं लिहिताना साळसूद चेहरा करून बसावं लागणार नाही.

आकुर्डीतल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, भर दुपारी, मी माझ्या आठ महिन्यांच्या नातीला तिच्या आईच्या चोरून बाप्तिस्मा दिला. तिची आई, म्हणजे माझी सून, हिंदू. ती फर्स्ट शिफ्टला चाकणला गेली होती. पोरीच्या अंगात ताप होता. तो दात येतानाचा ताप आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. हिरडीवर पांढरा ठिपकासुद्धा दिसत होता. पण आमच्यात एक सवलत आहे. बाळ मरणाच्या दारात असेल तर फादरची वाट बघायची नाही, कोणीही बाप्तिस्मा द्यावा. डोक्यावरून पाणी वाहू द्यायचं आणि ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे शब्द पाण्याबरोबर म्हणायचे. मी थर्मामीटर लावला, शंभर. पुन्हा लावला, तरी शंभरच. मग थर्मामीटर बिघडलाय असं मी ठरवलं, पोरीला डाव्या कडेवर घेतलं, पाण्याचं फुलपात्र उचललं आणि तिला मरणाच्या दारातून परत आणलं. ती खदखदून हसली. पाणी तिला फार आवडायचं.

तेव्हा मी सहासष्ट वर्षांची होते. वयाबरोबर शहाणपण येतं म्हणतात, ते माझ्याकडे आलं असेलच तर त्या दुपारी वामकुक्षी घेत होतं.

ही विद्या मला लहानपणीच मिळाली होती. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. पणजोबांच्या काळापासून आम्ही कॅथलिक. गावाबाहेर मिशनची शाळा, शाळेला लागून चर्च, आणि चर्चमागच्या ज्या खोलीत आमचा धर्मशिक्षणाचा तास भरायचा तिथे भिंतीवर एका पोपची तसबीर. गोल चेहरा, पांढरी टोपी, दोन बोटं वर केलेली, आणि ओठांवर असं हसू की कोणी नुकतंच त्याच्यापुढे पुरणपोळीचं ताट ठेवलंय. त्या नावाचे बरेच पोप होऊन गेले, हा त्यातला नववा. नाव मी इथे लिहिणार नाही. आम्ही पोरं त्याला पोपबाबा म्हणायचो.

तास घेणारे फादर परदेशी होते. मराठी इतकं शुद्ध बोलायचे की आम्हाला निम्मं कळायचं नाही. पोपबाबा होऊन गेला एकोणिसाव्या शतकात, पण फादर त्याच्याबद्दल असे बोलायचे की जणू कालच त्याच्या पंगतीला बसून आलेत. तीस वर्षांहून जास्त काळ तो गादीवर होता. पवित्र मरियेला आईच्या गर्भात आल्यापासूनच पापाचा डाग नव्हता, हे त्यानेच जगाला ठासून सांगितलं. नव्या काळाच्या नव्या कल्पनांची त्याने एक यादी केली आणि एकेकीवर फुली मारली. पोपने धर्माबद्दल ठरवून दिलेली शिकवण चुकीची असूच शकत नाही, हेही त्याच्याच काळात पक्कं झालं. मग त्याचं राज्य इटलीच्या राजाने हिसकावून घेतलं, आणि तो म्हातारा आपल्या महालात कैद्यासारखा बसून राहिला, पण वाकला नाही. इथे फादर चष्मा काढून पुसायचे आणि पहिल्या बाकावरची दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी हुंदके देऊन रडायची. ती मी.

ती मुलगी भोचक होती, आणि पाठांतरात पहिली असल्यामुळे तिचा भोचकपणा भक्ती म्हणून खपायचा. बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं हे कळल्यावर आठवडाभरात तिने वस्तीतली तीन करडं, टोपलीभर कुत्र्याची पिल्लं आणि ओसरीवर झोपलेले स्वतःचे आजोबा, एवढ्यांना बाप्तिस्मा देऊन टाकला. आजोबांचा साठ वर्षांपूर्वीच झाला होता. ते ओरडत उठले ते थेट फादरांकडे गेले. फादरांनी माझा कान धरला आणि म्हणाले, "जनावरांना बाप्तिस्म्याची गरज नसते, बाळ. त्यांनी कधी पाप केलेलं नसतं." हे बोलताना ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होते.

लग्न होऊन मी आकुर्डीला आले. नवरा दुचाकीच्या कारखान्यात फिटर. मुलगा झाला तेव्हा नवऱ्याला एखादं साधं मराठी नाव हवं होतं, कॉलनीतल्या पोरांत मिसळून जाईल असं. मी म्हणाले, पोपबाबाचंच नाव ठेवायचं.

"अगं, हजेरी घेताना मास्तरांची जीभ अडखळेल," नवरा म्हणाला.

"अडखळू दे. रोज अडखळली की पाठ होईल."

पाठ झालं नाही. शाळेत मुलाला आडनावाने हाक मारायचे, कंपनीत लागला तिथे भावा म्हणायचे. पूर्ण नावाने त्याला या जगात फक्त मी बोलवायची, तेही रागावले की. वाढदिवसाला मी त्याला पोपबाबाची गोष्ट सांगायची. एकदा, मिसरूड फुटायच्या वयात, तो म्हणाला, "आई, तुझा पोप जरा हट्टी नव्हता का गं?" मी म्हणाले, त्याला हट्ट नाही म्हणत, निष्ठा म्हणतात. तो हसला आणि उरलेला केक घेऊन गच्चीवर गेला.

माझा नवरा गेल्यावर दोन वर्षांनी मुलाने लग्न ठरवलं. मुलगी महाळुंग्याची, शेतकऱ्याघरची, डिप्लोमा केलेली, त्याच्याच कंपनीत क्वालिटीला. त्यांची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली होती. वडील नव्हते, आई आणि भाऊ होता. माझी विहीण पहिल्याच भेटीत मला म्हणाली, "तुमच्यात म्हनं नवरीला पांढरं नेसवत्यात. आमच्यात पांढरं दिसलं की मानसं रडाया लागत्यात."

"आमच्यातही रडतात हो," मी म्हणाले, "पण आधी केक खाऊन घेतात."

ती तोंडाला पदर लावून हसली, आणि आमचं जमलं.

लग्न रजिस्टर झालं. त्याआधी पोरांनी आम्हा दोघींना समोर बसवून एक गोष्ट कबूल करून घेतली. मूल झालं की त्याचा बाप्तिस्मा नाही आणि जावळही नाही. मोठं होईल आणि स्वतःचं स्वतः ठरवेल. विहीणबाई कुरकुरल्या, "जावळाला काय धरम लागतो व्हय? केसं वाढत्यात म्हनून काढायची." पण त्यांनी शब्द दिला आणि पाळला. नातीच्या जावळाचे केस पुढे कपाळावर येऊन डोळ्यांत जायला लागले तरी त्यांनी कात्री लावली नाही, क्लिप लावली. मी मात्र काही न कुरकुरता लगेच मान हलवली. मान हलवायला मला कधीच त्रास होत नाही.

नात पाच महिन्यांची असताना माझा मुलगा गेला. थर्ड शिफ्ट करून सकाळी मोटारसायकलवर घरी येत होता. नाशिक रस्त्याला कंटेनरने उडवलं. इतक्या वर्षांनंतरही यापुढे मला लिहिता येत नाही.

दिवस झाल्यावर विहीणबाई लेकीला न्यायला आल्या होत्या. सून गेली नाही. "आई एकट्या कशा राहतील," एवढंच तिने आपल्या आईला सांगितलं आणि आत जाऊन बाळाचे कपडे परत कपाटात लावले. ती पुन्हा कामावर जायला लागली आणि बाळ माझ्याकडे राहिलं. मी हे मुद्दाम लिहिते आहे. जिने माझ्यासाठी माहेर नाकारलं तिलाच मी फसवलं, हे वाचणाऱ्याला नीट कळलं पाहिजे.

का फसवलं? मला तेव्हा दिवसभर एकच दिसायचं. मी मरेन, वर जाईन, नवरा भेटेल, मुलगा भेटेल. तो विचारेल, माझी पोर कुठाय? बापलेकीची ओळख ती केवढी, पाच महिन्यांची, त्यातही तो निम्मा वेळ शिफ्टला. ती ओळख पुढे चालू राहायची तर पोरीला तिथे आत घ्यायला हवं, आणि बाप्तिस्मा नसलेल्या पोरीला कोण आत घेणार? पहिल्या बाकावरच्या त्या घट्ट वेण्यांच्या मुलीने सगळे नियम पाठ केले होते. सत्तरीला टेकलेल्या बाईला ते एकही नियम ढिला करायला जमलं नाही. म्हणून फुलपात्र.

असा बाप्तिस्मा दिला की चर्चमध्ये कळवायचं असतं, तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद होते. दोन आठवड्यांनी मी आमच्या फादरांकडे गेले. हे फादर तरुण, माझ्या मुलाहून लहान. सगळं ऐकून त्यांनी उघडलेलं पेन परत बंद केलं.

"मावशी, बाळ खरंच मरायला टेकलं होतं?"

"ताप होता."

"किती?"

"शंभर," मी म्हणाले. या एका बाबतीत मला खोटं सुचलं नाही.

फादरांनी पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "बाप्तिस्मा झाला तो झाला, तो काढता येत नाही. पण आईच्या परवानगीशिवाय तुम्ही तो द्यायला नको होता. तुमच्या मुलाचं नाव ज्यांच्यावरून ठेवलंत, त्या पोपच्या काळातली एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली आहे का?"

मी जरा ऐटीतच म्हणाले की त्या पोपच्या सगळ्या गोष्टी मला पाठ आहेत.

ही नव्हती. इटलीत, पोपचं राज्य होतं तेव्हा, एका शहरात एक ज्यू कुटुंब होतं. घरात कामाला एक कॅथलिक मुलगी. त्यांचं तान्हं बाळ आजारी पडलं. ते मरणार असं वाटून त्या मुलीने कोणाला न सांगता त्याच्यावर पाणी शिंपडलं, शब्द म्हटले. बाळ बरं झालं, आणि ती गप्प राहिली. काही वर्षांनी बातमी फुटली. तिथला कायदा असा, की बाप्तिस्मा झालेलं मूल ख्रिस्ती नसलेल्या आईबापांकडे वाढू द्यायचं नाही. मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा दारात पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. आईबापांनी पोपला विनवण्या केल्या, जगभरातून लोकांनी लिहिलं. पोप वाकला नाही. त्याने त्या मुलाला स्वतःच्या मायेने वाढवलं, आणि तो मोठा होऊन धर्मगुरू झाला, तेव्हा त्याने नाव घेतलं ते याच पोपचं.

"याच पोपना आपल्या चर्चने संतपदाच्या एक पायरी अलीकडे आणून ‘धन्य’ म्हटलं आहे," फादर म्हणाले. "तेही खरं आहे आणि हेही खरं आहे. मला दोन्ही एकदम पेलत नाहीत, मावशी, पण मी दोन्ही सांगतो. तुम्ही घरी जा आणि मुलीच्या आईला सांगा. मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

मी घरी आले. रस्ताभर मला त्या आईचा विचार आला असेल असं कोणाला वाटेल. नाही. मला फादरांचा राग आला होता. काल दीक्षा घेतलेलं पोरगं माझ्या पोपबाबाबद्दल मला शिकवतंय. आणि खोटं कशाला बोलू, त्या कामवालीबद्दल मला थोडं कौतुकच वाटलं. शब्द न चुकता म्हटले होते पोरीने.

सुनेला मी सांगितलं नाही. आज तिला बरं नाही, आज तिचं ऑडिट आहे, आज ती हसते आहे तर कशाला, असं करत साडेचार वर्षं गेली. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण गुपित एकटीने ठेवण्यात मला कधीच मजा आली नाही. आई सेकंड शिफ्टला असली की संध्याकाळी मी नातीच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायची. ती तीन-साडेतीन वर्षांची झाल्यावर विचारायला लागली, हे काय? मग मी तिला सगळी गोष्ट सांगितली. तू एवढीशी होतीस, मी असं फुलपात्र घेतलं, असं पाणी घातलं, आणि तुला आपलं एक नाव ठेवलं. तिला गोष्ट इतकी आवडली की रोज तीच हवी. बाहुलीवर पाणी घालून ती शब्द पाठ म्हणायची. पाठांतर माझ्यावर गेलं होतं. शेवटी मी ओठांवर बोट ठेवायची आणि ती पण ठेवायची. "आईला?" मी विचारायची. "नाही सांगायचं," ती म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो.

हे लिहिताना आता हसू येत नाही.

ती सव्वापाच वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर महाळुंग्याला गेली. विहीणबाईंकडे एक गाय उरली आहे. कारखान्याच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून गोठा, बाजूला भाड्याने दिलेल्या कामगारांच्या खोल्या. गाय नुकतीच व्याली होती. नातीने पाण्याचा मग भरून आणला आणि वासराच्या डोक्यावर पाणी ओतत, पिता, पुत्र, पवित्र आत्मा, सगळं खणखणीत म्हटलं. विहीणबाई हसून हसून खाली बसल्या. "अगं बघ बघ, पोरगी वासराला मंतर घालतीया," म्हणून त्यांनी लेकीला हाक मारली.

सून आली. ती हसली नाही. तिने मुलीला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं?

"आजीने. माझ्यावर पण घातलंय. पण तुला सांगायचं नाहीये."

दुसऱ्या दिवशी दुपारी सून एकटीच घरी आली. मुलीला आईकडे ठेवून आली होती. तिने चपला काढल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. विहीणबाईंनी मला फोनवर वासराचं हसत हसत सांगितलं होतंच, त्यामुळे मी तयारीत होते. माझी तयारी म्हणजे विनोद.

"वासरू कसं आहे? रविवारी चर्चमध्ये मिस्साला येणार का?" मी म्हणाले.

"कधी केलंत, आई?"

"अगं, आठ महिन्यांची होती. ताप होता तिला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रागावली असतीस. आणि पाणीच तर होतं. त्याने काय झालं तिला? काय बिघडलं?"

तिने टेबलावरची पर्स बाजूला सरकवली. मग म्हणाली, "लग्नाआधी मी ह्यांचं नाव मोबाइलवर शोधलं होतं. असं वेगळं नाव कोणाचं ते बघायला. तेव्हा त्या पोपची माहिती आली, आणि त्या मुलाचीही आली, ज्याला घरातून उचलून नेलं. मला भीती वाटली होती. मी ह्यांना विचारलं, तुमच्याकडे असं करतात का? हे म्हणाले, माझ्या आईला ती गोष्टच माहीत नसणार. माहीत असती तर तिने मला हे नाव ठेवलंच नसतं."

तिने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"तुम्हाला माहीत होती का, आई?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यात इतक्यांदा बोलले, आणखी एकदा जड गेलं नसतं. पण तिने ते वाक्य माझ्या मुलाचं म्हणून सांगितलं होतं, आणि त्याच्यासमोर खोटं बोलल्यासारखं झालं असतं.

"नाव ठेवलं तेव्हा नव्हती," मी म्हणाले. "बाप्तिस्म्यानंतर कळली. फादरांनी सांगितली. साडेचार वर्षं झाली."

"तरी नाही सांगितलंत."

"नाही."

मग मला काय सुचावं? मी म्हणाले, "अगं पण तो काळ वेगळा होता. आता काय पोपचे पोलीस येणार आहेत का आकुर्डीला, पोरीला न्यायला?"

"पोलीस कशाला यायला हवेत, आई," ती म्हणाली. "तुम्ही घरातच होतात."

तिचा आवाज चढला नव्हता. ती उठली, आत गेली आणि बॅगा भरायला लागली. इतक्या वर्षांचं दोघींचं सामान भरायला तिला तीन तास लागले. मी दारात उभी राहून मधूनमधून सांगत होते, तो निळा फ्रॉक वाळत टाकलाय, तिची औषधाची बाटली फ्रिजच्या वर आहे. ती प्रत्येक वेळी "हो" म्हणत होती.

त्यानंतर मी नातीला पाहिलं नाही. फोन विहीणबाईंकडून यायचा. पोरगी जेवती, पोरगी गावच्या शाळेत रमली, पोरीला मैत्रीण झाली. मी विचारायची, माझी आठवण काढते का? त्या सांगायच्या, "काडती की. पन आईफुडं न्हाई काडत." आईपासून लपवायला मीच शिकवलं होतं. पोरगी आता तेच माझ्यासाठी वापरत होती.

ते महिने कसे गेले ते सांगत नाही. चर्चला जात होते. एका रविवारी प्रवचन चालू असताना मला अचानक ती दुसरी बाई दिसली, इटलीतली, जिच्या घरी पोलीस आले. इतकी वर्षं मी त्या गोष्टीत कामवालीकडे बघत होते, पोपकडे बघत होते. आईकडे मी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी मला ती आमच्या स्वयंपाकघरात उभी दिसली, कंपनीचा युनिफॉर्म घालून, शिफ्टवरून आलेली, हात धुऊन बाळ मागणारी. आणि मी तिच्या हातात बाळ देते आहे, डोकं पुसून कोरडं करून. मी मधेच उठून बाहेर आले. बायकांना वाटलं माझी शुगर उतरली. कोणीतरी पेढा दिला, मी तो खाल्ला.

गेल्या महिन्यात विहीणबाईंचा फोन आला. "इहीणबाई, तुमच्या कानावर घालते. पोरीच्या कागदावरनं बापाचं नाव काडायचं चाललंय. पोरीचा मामा फारम घेऊन आलाय. म्हनतोय त्या पोपाचं नाव आमच्या पोरीला कशाला. तुमी येऊन बोला, मला न्हाई बोलता येत."

आपल्याकडे मुलीच्या नावापुढे बापाचं नाव लागतं. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर, आधारवर, माझ्या नातीच्या नावाच्या मधोमध माझा मुलगा होता. तो एवढाच उरला होता, आणि तोही एका पोपच्या आडून. नाव मीच ठेवलं होतं. अडखळू दे म्हणाले होते.

मी बसने निघाले. तळवड्याच्या चौकात देहूला जाणारे उतरले, इंद्रायणीचा पूल गेला, मग दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड. मनात ठरवून ठेवलं होतं की दोन गोष्टी मागायच्या. नाव ठेव, आणि पोरीला सुट्टीत चार दिवस माझ्याकडे पाठव. दुसरीसाठी पाया पडायला लागलं तरी पडायचं. गुडघे वाकत नाहीत, पण तेही बघून घेऊ. पिशवीत नातीसाठी फ्रॉक होता, अंदाजाने एक माप मोठा घेतलेला.

विहीणबाई अंगणात होत्या. मला बघून उठल्या, हात धरून आत नेलं. गोठ्याकडे हात करून म्हणाल्या, "ते बघा तुमचं किरिस्ताव. लय मारकं झालंय." मी हसले, त्यांनाही हसू आलं. दोरीवर छोटा युनिफॉर्म वाळत होता. भिंतीला टेकवलेली छोटी सायकल होती, ती मी पूर्वी पाहिली नव्हती.

सुनेची सुट्टी होती. ती आतून आली, मला वाकून नमस्कार केला, पाणी दिलं. बारीक झाली होती. मी फ्रॉकची पिशवी तिच्या हातात दिली. तिने फ्रॉक उघडून बघितला, शिवण बघितली, आणि म्हणाली, "मापाचा आहे." मग तो घडी करून मांडीवर ठेवला.

मी पाठ केलेलं सगळं विसरले. पाठांतरात पहिली आलेली मी. एवढंच म्हणाले, "माझं चुकलं, बाळ. त्या दुपारी चुकलं ते एक, आणि नंतर रोज गप्प राहिले ते वेगळं. तुझ्याकडे तोंड वर करून मागायला मला जागा नाही. तरी मागायला आले आहे."

विहीणबाई पदराने डोळे पुसत चुलीकडे गेल्या. सून फ्रॉकवरून हात फिरवत होती. बोलायला लागली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, आणि शेवटपर्यंत नजर काढली नाही.

"नाव मी काढणार नाही, आई. दादाने फॉर्म आणला होता, तो मी सकाळीच परत दिला. ते तुमच्या पोपचं नाव नाही, माझ्या नवऱ्याचं आहे, आणि तिला ते कायम राहील. पण तिला मी तुमच्याकडे पाठवणार नाही. मी खूप विचार केला, मला नाही जमत. फ्रॉक देईन, तुम्ही आणला म्हणून सांगेन. आता चहा घ्या. ती पाचला शाळेतून येते, तुमची बस पावणेपाचला आहे."